दोन शेरे

'रुग्ण पूर्ण शुद्धीवर असून जबाब देण्याच्या स्थितीत आहे.' खाली सही, तारीख, वेळ. जून 2016 मध्ये एकाच रुग्णासाठी मी हे वाक्य दोनदा लिहिलं. एकदा रात्री 11.40 ला, हवालदारांनी आणलेल्या कागदावर. दुसऱ्यांदा सकाळी 9.15 ला, नायब तहसीलदारांच्या कागदावर. या दोन ओळींसाठी गेल्या वर्षी फेब्रुवारीत मी आयर्लंडमधल्या गॉलवेहून डब्लिनला गेले आणि भारतीय दूतावासाच्या एका छोट्या खोलीतून महाराष्ट्रातल्या सत्र न्यायालयासमोर साक्ष दिली. आता निकाल लागला आहे, म्हणून लिहिते आहे. गाव, रुग्णालय आणि माणसं ओळखू येतील असं काही लिहिलेलं नाही.

तेव्हा मी बंधपत्रावर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होते. जळीत वॉर्डात सलाईनचा हिशोब, लघवीचं माप, ड्रेसिंग चालू असताना पोलीस कागद घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, शेरा द्या." मृत्युपूर्व जबाब डॉक्टर घेतात असा बऱ्याच जणांचा समज असतो. सहसा जबाब पोलीस किंवा कार्यकारी दंडाधिकारी, म्हणजे इथे नायब तहसीलदार, लिहून घेतात. डॉक्टरने फक्त सांगायचं, की माणूस शुद्धीवर आहे आणि त्याला प्रश्न समजताहेत. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात स्पष्ट केलं, की जबाब घेणाऱ्याची स्वतःची खात्री पटलेली असेल तर डॉक्टरचा शेरा नसला म्हणून जबाब बाद होत नाही. तरीही प्रत्येक खटल्यात शेरा शोधला जातो आणि तो लिहिणाऱ्याला बोलावलं जातं.

बाई पंचविशीच्या आतली होती. चेहरा-मान, छाती-पोट, दोन्ही हात आणि मांड्यांचा पुढचा भाग, मिळून सुमारे 50 टक्के भाजलेलं. हातांचे अंगठे भाजले होते, त्यामुळे दोन्ही जबाबांवर पायाच्या अंगठ्याचा ठसा. रात्रीच्या जबाबात ती म्हणाली, चहा करताना स्टोव्हचा भडका उडाला. सकाळच्या जबाबात म्हणाली, नवऱ्याने रॉकेल ओतलं आणि सासू दार धरून उभी राहिली. तिसऱ्या दिवशी ती गेली. दोन्ही जबाबांवर माझा शेरा, त्याच शब्दांत, बहुधा त्याच पेनाने.

समन्स आईबाबांच्या पत्त्यावर गेलं. पहिल्यांदा ते 'सदर साक्षीदार परदेशी असल्याने मिळून आल्या नाहीत' असा शेरा घेऊन परत गेलं. दुसऱ्यांदा कोर्ट पैरवीचे हवालदार स्वतः घरी आले. बाबांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "अगं, पोलीस आले होते. तुझं नाव घेऊन विचारत होते." साक्षीदार आणि आरोपी यांना एकच कागद येतो, एकच खाकी माणूस घेऊन येतो. सत्तरीच्या माणसाला त्यातला फरक दारात कोणी समजावून सांगत नाही, याचा मला अजून राग आहे.

जुन्या विभागातून सुचवण्यात आलं, की दुसरे कोणी डॉक्टर जाऊन माझं अक्षर आणि सही ओळखतील. इंज्युरी सर्टिफिकेटसारख्या कागदाचं बऱ्याचदा तसं भागतं. पण अक्षर ओळखणारा माणूस ती बाई शुद्धीवर होती का, हे कसं सांगणार? सरकारी वकिलांनाही ते पटलं आणि त्यांनी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष घेण्याचा अर्ज दिला. या वाटेला आधार आहे 1 एप्रिल 2003 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचा. तोही मुंबईतला खटला आणि साक्षीदार न्यूयॉर्कमधले डॉक्टर. आरोपीसमोर साक्ष व्हायची तर साक्षीदार त्याच खोलीत असलाच पाहिजे असं नाही, हे तेव्हा ठरलं. साक्षीदार परदेशात असेल तर दूतावासातला अधिकारी समन्वयक म्हणून हजर राहतो. खोलीत दुसरं कोणी नाही, साक्षीदाराला कोणी पढवत नाही, समोर फक्त न्यायालयाने पाठवलेले कागद आहेत, हे तो पाहतो.

खरी अडचण घड्याळाची होती. हिवाळ्यात आयर्लंड भारताच्या साडेपाच तास मागे. तिथे अकराला कोर्ट बसतं तेव्हा डब्लिनमध्ये पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, दूतावास बंद. म्हणून साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हणजे माझ्या सकाळी सव्वानऊला. आदल्या संध्याकाळच्या गाडीने जाऊन राहिले. याआधीच्या दोन तारखा हुकल्या होत्या, एकदा न्यायाधीश रजेवर आणि एकदा वकिलांचा संप. दोन्ही वेळा मी रजा काढलेली होती.

अधिकाऱ्यांनी पासपोर्ट पाहिला, फोन बाहेर ठेवायला लावला, कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला. टेबलावर स्कॅन केलेले कागद होते. माझे शेरे आठ-नऊ वर्षांनी मी तिथेच पहिल्यांदा पाहिले. केस पेपर आधी मिळावेत म्हणून मी तीन ईमेल केले होते, एकाचंही उत्तर आलं नव्हतं. आले ते दोन जबाब आणि एमएलसी रजिस्टरचं, म्हणजे पोलीस केसच्या रुग्णांच्या नोंदवहीचं, एक पान. उपचारांची नोंद, औषधांचा तक्ता, नर्सिंग नोट्स, काहीच नाही. रेकॉर्ड रूममधल्या कापडी गठ्ठ्यांत ओल शिरली होती, असं नंतर कळलं. खुनाच्या खटल्यातल्या रुग्णाची केसशीट पावसात जाते आणि त्यासाठी कोणालाही जाब विचारला जात नाही.

पडद्यावर कोर्ट दिसलं. समोर न्यायाधीश आणि स्टेनो, बाजूला वकील. मागच्या बाकावर एक पुरुष आणि डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी. पुकारा झाला. माझं नाव समुद्रापलीकडून तसं ओरडलेलं ऐकून मी नकळत उभी राहिले. ईश्वरसाक्ष शपथ घेतली.

सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रश्न, दहा मिनिटांत संपली. अक्षर माझं, सही माझी, मजकूर बरोबर. दुसऱ्या जबाबाला निशाणी 41, म्हणजे कोर्टाचा पुरावा क्रमांक, पडलेलीच होती. सरकारी वकील माझ्याशी आधी एकदाही बोलले नव्हते. पहिल्या जबाबाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, जणू तो कागद कोणाच्या लक्षातच येणार नाही.

बचाव पक्षाच्या वकिलांनी तोच आधी उचलला. ते उद्धट नव्हते आणि त्यांचा एकही प्रश्न फुकट नव्हता.

"एवढी भाजलेली बाई बोलू शकते?"

इथे मी ठाम होते. भाजण्याच्या टक्केवारीवरून शुद्ध ठरत नाही. पहिल्या काही तासांत, शॉक किंवा जंतुसंसर्ग चढण्याआधी, निम्मं अंग भाजलेला माणूसही तुमच्या-माझ्यासारखा बोलतो. घसा सुजला तर आवाज घोगरा होतो, विचार घोगरे होत नाहीत. न्यायाधीशांनी हे नीट ऐकलं आणि स्टेनोला सांगितलं, "भाजण्याच्या प्रमाणावरून रुग्णाच्या शुद्धीबाबत निष्कर्ष काढता येत नाही." साक्षीदार बोलतो एक आणि कागदावर उतरते कोर्टाची मराठी. पण अर्थ पोचला होता.

"अशा रुग्णांना वेदनेसाठी फोर्टविन आणि फेनरगन देतात?"

"देतात."

"फेनरगनने गुंगी येते?"

"येते."

"या रुग्णाला जबाबाआधी दिलं होतं?"

"औषधांचा तक्ता समोर नाही. सांगू शकत नाही."

"शुद्ध कशी तपासली, हे शेऱ्यात लिहिलंय?"

"नाही."

नाव, गाव, आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे मी प्रत्येकाला विचारायचे. ते मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "ही तुमची सवय होती की या बाईला विचारल्याचं आठवतं?" मी म्हटलं, सवय होती. उतरलं असं: "मला सदर रुग्णाची स्वतंत्र आठवण नाही. मी नोंदीवरून सांगत आहे."

मग ते म्हणाले, "दोन्ही वेळा रुग्ण पूर्ण शुद्धीवर होती, हे तुमचंच म्हणणं. म्हणजे स्टोव्हचा भडकाही तिने शुद्धीवर असतानाच सांगितला." मी म्हटलं, हो. ती शुद्धीवर होती एवढंच मी सांगू शकते, ती खरं बोलली की घाबरून बोलली हे नाही. यातलं दुसरं वाक्य उतरवलं गेलं की नाही, हे तेव्हा आवाज तुटल्यामुळे कळलं नाही. नंतर प्रत वाचताना दिसलं, की उतरवलं होतं.

शेवटचा प्रश्न न्यायाधीशांनी स्वतः विचारला. "पहिल्या जबाबाच्या वेळी खाटेजवळ कोण होतं?"

बघितलं असेलच मी. त्या वॉर्डात खाटेजवळ कोणी नाही असं व्हायचं नाही. नातेवाईकांना बाहेर काढायचं असतं हे मला माहीत होतं, बहुतेक वेळा मी काढायचेही. त्या रात्री? "आठवत नाही," मी म्हणाले, "आणि लिहिलेलं नाही."

माझ्या साक्षीची प्रत ईमेलने आली. प्रिंट काढून प्रत्येक पानावर सही केली, अधिकाऱ्यांनी ती स्कॅन करून पाठवली आणि मूळ प्रत टपालाने जाईल म्हणून सांगितलं. पावणेअकराला मी रस्त्यावर होते.

इथे मी वृद्धांच्या वॉर्डात काम करते. 26 एप्रिल 2023 पासून आयर्लंडमध्ये निर्णयक्षमतेचा नवा कायदा लागू झाला. ऐंशी वर्षांच्या आजोबांना नर्सिंग होममध्ये जायचं की घरी, हे ठरवता येतं का, याची नोंद मी पानभर करते. माहिती समजली का, लक्षात ठेवता आली का, तोलून पाहता आली का, निर्णय सांगता आला का. काय विचारलं, काय उत्तर आलं, खोलीत कोण होतं. आजोबा घरी जाणार की नाही यासाठी एक पान, आणि तिच्या मरणाबद्दलच्या शब्दांसाठी मी एक ओळ लिहिली होती. जिल्हा रुग्णालयात काम करणाऱ्या माझ्या धाकट्या सहकाऱ्यांनो, अजून तीनच ओळी वाढवा: रुग्णाने प्रश्नांना दिलेली उत्तरं त्याच्याच शब्दांत, गेल्या सहा तासांत दिलेली औषधं, आणि खाटेजवळ कोण आहे त्यांची नावं. आणि त्या शेऱ्याचा फोटो नाही, झेरॉक्स स्वतःकडे मागून घ्या.

परतीच्या गाडीत ह्यूस्टन स्टेशन सुटल्यावर मला जोडवी आठवली. भाजलेल्या रुग्णाला सूज चढते म्हणून अंगावरचं सगळं धातूचं आधीच काढतात. एक बाई घोगऱ्या आवाजात विचारत होती, "जोडवी कुठं गेली माझी?" आणि खाटेशी उभ्या म्हाताऱ्या बाईने पदराची गाठ उचलून दाखवली होती, "हायेत माझ्यापाशी." मागे हवालदार कागद घेऊन उभे. त्या रात्रीचं असेल तर खाटेजवळ सासू होती आणि पहिला जबाब तिच्या देखत झाला. पण त्या म्हातारीचा चेहरा मला आठवत होता तो पडद्यावर मागच्या बाकावर दिसलेला. आठवण जुनी होती, की सकाळच्या पडद्याने ती बनवली होती?

तेव्हा माझ्याबरोबर ड्युटीला असणारी मैत्रीण आता पुण्यात असते. तिला फोन केला. ती म्हणाली, "गाठ मलाही आठवते गं. पण ती बाई वेगळी, त्याच्या आधीच्या आठवड्यातली. आणि गाठवाली म्हातारी तिची आई होती."

साक्षीदाराला पुन्हा बोलावता येतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्यासाठी कलम 311 होतं. सरकारी वकिलांना मी ईमेल लिहिला, चार वेळा बदलला आणि पाठवला नाही. शपथेवर मी काय सांगणार होते? एक गाठ पाहिली, कोणाची ते नक्की नाही?

उन्हाळ्यात निकाल ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर वाचला. दोन परस्परविरोधी जबाब, दोघांनाही संशयाचा फायदा. माझ्या साक्षीवर एक परिच्छेद आहे, त्यात मी पी.डब्ल्यू. 9, म्हणजे सरकार पक्षाची नववी साक्षीदार. पी.डब्ल्यू. 9 यांनी पहिल्या जबाबाच्या वेळी रुग्णाजवळ कोण हजर होते याची नोंद केलेली नाही व त्यांना ते आठवत नाही, त्यामुळे तो जबाब दबावाखाली दिला होता हे सरकार पक्षाचे म्हणणे सिद्ध होत नाही. त्यातला शब्दन् शब्द बरोबर आहे.

त्या रात्री मैत्रिणीला पुन्हा फोन केला. परिच्छेद वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ती बाई आधीच्या आठवड्यातलीच होती असं आता तिलाही खात्रीने सांगता येणार नाही.