चार वाजता या, अकरा वाजता जा

आमच्या घराण्यात वेळेवर पोहोचणे म्हणजे उशीर करणे समजले जाते. वडील होते तेव्हा एस.टी. सुटण्याच्या दीड तास आधीच आम्ही सगळे स्वारगेटला बोचक्यांवर बसलेले असायचो, आणि ती खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे. त्यामुळे पवना धरणाच्या काठावरील तंबूंचे आरक्षण केल्यावर आलेल्या संदेशात ‘चेक-इन दुपारी ४, चेक-आउट सकाळी ११’ असे स्वच्छ लिहिलेले असूनही, फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी आई, बायको आणि बारा वर्षांचा भाचा यांना घेऊन मी दुपारी पाऊण वाजताच त्या जागेच्या फाटकाशी हजर झालो. कामशेतला महामार्ग सोडून पवनानगरच्या रस्त्याला लागल्यावर बेडसे लेण्यांचा फाटा आला, तेव्हा बायकोने ‘आता वेळ आहे, लेणी पाहून घेऊ’ असे सुचवले होते. मी मात्र ‘आधी जागा ताब्यात घेऊ’ असे म्हणून गाडी पुढे दामटली.

ताब्यात घेण्यासारखे तेथे काहीच नव्हते. सगळ्या तंबूंची तोंडे उघडी टाकलेली होती, गाद्या दगडांवर पसरलेल्या होत्या आणि रजया दोरीवर वाळत होत्या. विशीतला एक मुलगा पुढे आला आणि अदबीने म्हणाला, “काका, चार वाजता.” बरोबर म्हातारी आई आहे, एखादा तरी तंबू आधी मिळायला हवा, इतके पैसे आम्ही कशासाठी भरले, असे सगळे मी त्याला ऐकवले. त्याने वाद घातला नाही. जवळच्या तंबूकडे बोट दाखवून “आत बसून बघा,” एवढेच तो म्हणाला. मी आत शिरलो आणि अर्ध्या मिनिटात घामाघूम होऊन बाहेर आलो. उघड्या माळावर उभ्या केलेल्या पातळ कापडाच्या तंबूत दुपारी माणूस राहू शकत नाही, ही साधी गोष्ट मला पन्नाशीत कळली.

मग आंब्याच्या सावलीत प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही सव्वातीन तास बसून राहिलो. आदल्या दिवशीची मंडळी निघून गेल्यावर या मुलांना चार वाजेपर्यंत आराम असतो, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तलावाकाठच्या दवाने रात्रीतून तंबूचे कापड आणि अंथरूण ओलसर झालेले असते. ते दोन-तीन तास कडक उन्हात तापले नाही, तर पुढच्या पाहुण्याच्या नाकाला कुबट वास येतो. सैल झालेल्या खुंट्या पुन्हा ठोकाव्या लागतात, शेकोटीची राख उचलावी लागते आणि बाटल्या गवतातून शोधून काढाव्या लागतात. अकरा ते चार हे पाच तास त्यातच जातात. हे समजल्यावर माझा राग ओसरला असे मात्र नाही. फक्त तो कोणावर काढावा, हे कळेनासे झाले. आईने त्या वेळात दोन डुलक्या काढल्या आणि दोन्ही वेळा जागी होऊन “वाजले का चार?” असे विचारले.

माझी खरी तक्रार हिशोबाची आहे. जाहिरातीत ‘२ दिवस, १ रात्र’ असते. दुपारी चार ते सकाळी अकरा हे १९ तास होतात. त्यातले पहिले दोन तास ऊन उतरण्याची वाट पाहण्यात गेले. सूर्य मावळताना तुंगचा सुळका आणि तिकोन्याचा त्रिकोण आधी तांबूस आणि मग करडा झाला, तो अर्धा तास खरोखर देखणा होता. मग गाणी सुरू झाली. रात्री १० नंतर ध्वनिवर्धक लावता येत नाही, या नियमाला स्मरून मालकाने बरोबर दहाला आपली गाणी बंद केली, आणि शेजारच्या तंबूतील तरुणांनी सव्वादहाला स्वतःची सुरू केली.

स्वयंपाकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्याच वाडीतील एक बाई होत्या. पिठले, भाकरी आणि ठेचा त्यांनी इतका मनापासून वाढला की, आधीच्या निखाऱ्यांवरच्या करपलेल्या पनीरला मी माफ केले. साडेनऊपर्यंत सगळ्यांची जेवणे आटोपली, तरी त्या चुलीपाशीच बसून राहिल्या. मुंबईहून निघालेले आठ जण खंडाळ्याच्या घाटात अडकले होते. आई त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि दोघींच्या गप्पा रंगल्या. सासऱ्यांचे जुने शेत धरणाच्या पाण्याखाली आहे, उन्हाळ्यात पाणी हटले की त्याचा बांध दिसतो, असे त्या सहज सांगत होत्या. “तुमची सुटी कधी होते?” असे आईने विचारल्यावर त्या हसून म्हणाल्या, “शेवटचा पाव्हणा जेवला की.”

ते आठ जण पावणेबाराला आले. त्यांच्या बोलण्यात ओशाळलेपणा होता, त्यामुळे त्यांच्यावरही रागावता येईना. बाईंनी पुन्हा तवा ठेवला आणि आठ जणांच्या भाकऱ्या थापल्या. शेवटची भाकरी झाली तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. विजेरी घेऊन त्या अंधारातून वाडीकडे चालत गेल्या, ते मी तंबूच्या तोंडाशी बसून पाहिले. पहाटे साडेपाचला तलावाकडे जायला उठलो, तर चहाचे पातेले चुलीवर होते आणि चूल फुंकणाऱ्या त्याच होत्या. दुपारी अदबशीर मुलाला सुनावलेली सगळी वाक्ये मला तेव्हा एकेक करून आठवली. मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि आईसाठी दुसरा पेला भरून मागितला.

या मुक्कामातला सगळ्यात चांगला काळ म्हणजे सहा ते आठ. पाण्यावर धुके होते, पलीकडच्या काठावर एक बगळा दगडासारखा उभा होता आणि रात्री गाणी लावणारे तरुण गाढ झोपलेले होते. नाष्ट्याला नऊ वाजले. त्याआधी मिळत नाही आणि दहानंतर उरत नाही. इथपर्यंत ठीक होते. परंतु सव्वादहाला, म्हणजे ठरल्या वेळेच्या पाऊण तास आधीच, मुलांनी गाद्या ओढायला सुरुवात केली. आई तंबूत बसून वेणी घालत होती. तिच्या खालची गादी सोडून बाकीच्या तीनही बाहेर गेल्या, आणि चौथीसाठी एक मुलगा बाहेर पाठमोरा उभा राहिला. आधी येणारा पाहुणा चालत नाही, मग पाहुण्याला आधी उठवणे कसे चालते, हे विचारायला मी तोंड उघडले होते, पण आईच पिशवी उचलून बाहेर आली.

बेडशाला पोहोचलो तेव्हा सव्वाबारा झाले होते. ती लेणी पूर्वाभिमुख आहेत. स्तंभशीर्षांवरचे हत्ती-घोडे आणि त्यांवर बसलेली जोडपी सकाळच्या उन्हात उजळतात, आणि ते ऊन केव्हाच सरले होते. सुमारे चारशे पायऱ्या पाहून आईने पायथ्याशी झाडाखाली चटई पसरली. “तू चल की, हळूहळू चढू,” असे मी म्हणालो.

“तुम्ही जाऊन या,” ती आडवी होत म्हणाली. “इथून मला कोणी उठवणार नाही.”