मणक्याचा टीबी: पाय परत आले, त्याची गोष्ट

पाठ कित्येक महिने दुखत होती. रात्री जास्त ठणकायची, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं. कॅल्शियमच्या गोळ्या, मलम, कंबरेचा पट्टा, सगळं झालं. मग चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहायला लागली आणि मला पत्ताच नसायचा. खाली बघितल्यावर कळायचं, एक पाय अनवाणी आहे. पुढे लघवी अडली.

एमआरआयमध्ये दिसलं की छातीमागचे दोन मणके पोखरलेत आणि पू मज्जारज्जूवर दाबतोय. टीबी म्हणजे खोकला, एवढंच आमच्या घरी माहीत. माझी छाती तर स्वच्छ होती! सर्जन म्हणाले, "दाब जितका नवा, तितकी ताकद परत यायची आशा जास्त. थांबू नका." सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही; शेजारच्या खाटेवरच्या मुलीचं गोळ्या आणि पट्ट्यावर भागलं. माझ्या पायांतली ताकद मात्र जात चालली होती, म्हणून पू काढून स्क्रू-रॉड बसवले. पुवाचा नमुना सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला गेला. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडणार, हे त्यातून लगेच कळलं.

शुद्धीवर आल्यावर पाय हलतील असं वाटलं होतं. नाही हलले. आधी स्पर्श आला, चादरीचा गारवा पोटऱ्यांना कळला. ताकद फार मागाहून. तोवर आमच्या यांनी दर दोन तासांनी मला कुशीवर वळवलं, रात्रीसुद्धा; पाठीला एक जखम होऊ दिली नाही. एका सकाळी उजवा अंगठा हलला, तेव्हा फिजिओथेरपीच्या ताई माझ्याआधी रडल्या. मग कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी निघाली, वॉकर आला.

चालायला लागल्यावर नातेवाईक म्हणायला लागले, आता कशाला एवढ्या गोळ्या? हे ऐकू नका. पहिले दोन महिने चार औषधं, नंतर तीन. मणक्यासाठी मिळून साधारण वर्षभर, गरज पडली तर जास्त. गोळ्या सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, वजनाप्रमाणे. टीबीच्या रुग्णांना आहारासाठी असलेल्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपयेही खात्यात येतात, नोव्हेंबर 2024पूर्वी 500 होते. लघवी केशरी होते, तिला घाबरायचं नाही. पण नजर अंधुक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखू येईना, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे, कारण यातलं इथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्यांना बाधू शकतं.

डावा पाय अजून थोडा कमी आहे, जिन्यात कठडा धरावा लागतो. औषधं संपली, तरी दोन वर्षं दर सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलंय. पुढची दिवाळीनंतर आहे.