पोरगं शिकवायचं कुणी?

बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, दोन गल्ल्या फिरून या, गेटागेटावर 'पाहिजेत'चे बोर्ड दिसतील. मोल्डर, टर्नर, फिटर, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं कटाईचं मशीन) ऑपरेटर. सगळ्यांना अनुभवी माणूस हवा. तो अनुभव त्याला कुठल्या शॉपनं पदरचे पैसे घालून दिला, याची चौकशी मात्र कुणी करत नाही.

माझा धंदा पॅटर्नचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंपाची बॉडी असो की गिअरबॉक्सचं हाऊसिंग, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) कुठलाही भाग वाळूच्या साच्यात ओततात. तो साचा उठवायला आधी त्या भागाची लाकडी नाहीतर अॅल्युमिनियमची प्रतिकृती लागते, तो पॅटर्न. पेटीत ठेवायचा, भोवती वाळू ठोकायची, अलगद वर काढायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ऐकायला सोपं. पण बीड थंड होताना आकसतं, १०० मिलिमीटरला साधारण १ मिलिमीटर. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. आमच्याकडं त्यासाठी वेगळी पट्टी असते, श्रिंकेज स्केल. तिच्यावर १०० लिहिलेलं असतं तिथं खरी लांबी १०१ भरते. लाकडी मास्टरवरून अॅल्युमिनियमचा पॅटर्न ओतून घ्यायचा असेल तर दोन्ही धातूंचं आकसणं मास्टरमध्येच धरायचं. पुढं मशिनिंगला, म्हणजे मशीनवर तासायला, जादा माल ठेवायचा, उभ्या बाजूंना उतार द्यायचा. आणि सगळ्यात अवघड म्हणजे पॅटर्न कुठं दुभंगायचा ती रेघ, पार्टिंग लाईन. ती चुकली की वरून कितीही पॉलिश पेपर मारा, माल रिजेक्ट ठरलेला.

आता कॅड आलं, सीएनसी राऊटर आला. मला त्याचं वावडं नाही. हातानं चार दिवस खाणारी वक्र बाजू राऊटर एका रात्रीत काढून देतो, आणि माझ्या हातापेक्षा साफ काढतो. पण रेघ कुठं मारायची ते त्याला कुणीतरी सांगावं लागतं. गेल्या पावसाळ्यात एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) माझ्यासमोर झालेलं सांगतो. नवीन पॅटर्न आला होता, बाहेरून करून घेतलेला. काय फिनिश! आरशासारखा. मोल्डर ओडिशाकडचा, पन्नाशीचा माणूस. त्यानं आधी वाळू मुठीत घेतली, दाबली, बोटांचे ठसे बघितले, मग तो गोळा मधोमध मोडला. कड तुटक, स्वच्छ आली. ओल बरोबर आहे म्हणाला. (लॅबमध्ये ओल मोजायचं यंत्र आहे. ते त्याच्या मुठीनंतर तासाभरानं तेच सांगतं.) पेटी भरली, ठोकली, पॅटर्नला चारी बाजूंनी हलकेच टिचक्या मारल्या आणि वर उचलला, तर एका कोपऱ्यातली वाळू ढेकळासकट पॅटर्नबरोबर वर. परत केलं, परत तेच. त्यानं पॅटर्न उलटा करून अंगठा एका बॉसखाली, म्हणजे बाहेर आलेल्या गोल उंचवट्याखाली, घातला आणि ड्रॉइंगवाल्या इंजिनियरला विचारलं, "साहब, इसको बाहर निकलने का रास्ता कहाँ है?" बॉसच्या खाली खाच राहिली होती. तिथं वेगळा तुकडा सुटा ठेवायला हवा होता, नाहीतर कोअर, म्हणजे साच्यात वेगळा बसवायचा वाळूचा तुकडा. इंजिनियर पोरगा हुशार होता, लगेच समजला. पण कॉलेजात त्याला हे कुणी दाखवलं नव्हतं आणि फौंड्रीत दाखवायला कुणाला वेळ नव्हता.

व्हीटीयू, म्हणजे इंजिनियरिंगचं विद्यापीठ, आपल्याकडं १९९८ पासून आहे, त्याच्या आधीपासून कॉलेजं आहेत. मेकॅनिकलच्या पोरांची बेळगावात वाण नाही. पॅटर्न शॉपला मदतनीस मिळत नाही.

आमच्या वेळी सगळं छान होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. आमच्या वेळी पोरगं शॉपला ठेवायचं म्हणजे बापानं हात जोडून न्यायचं. पहिलं वर्ष भुसा झाडणं, सरस गरम करणं, पटाशांना धार लावणं. पगार म्हणजे सणाला कापड आणि चहा. वस्ताद मापं घेताना पाठ करून उभा राहायचा, श्रिंकेज स्केल स्वतःच्या पेटीत कुलपात. का, तर पोरगं शिकलं की समोर दुकान टाकेल. शिवाय सुताराचं पोर सुताराकडंच. दुसऱ्या जातीच्या पोराला रंधा धरायला देणारे वस्ताद मी तरी कमीच बघितले. ती पद्धत गेली त्याचं मला दुःख नाही. तिच्या जागी काहीच आलं नाही, हे दुखणं आहे.

कायदा आहे. अॅप्रेंटिसेस अॅक्ट १९६१ चा. २०१९ च्या नियमांप्रमाणं ३० किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्याला अडीच ते पंधरा टक्के अॅप्रेंटिस घ्यावेच लागतात. चार ते एकोणतीस माणसं असतील तर मर्जी. आता उद्यमबाग डोळ्यांसमोर आणा. शेडमध्ये आठ माणसं, बारा माणसं, फार तर वीस. काम जिथं खऱ्या अर्थानं हाताला लागतं तिथं कायद्याचा हात पोचत नाही, आणि तो पोचतो तिथं पोरगं वर्षभर एका मशीनवर पार्ट लावतं-काढतं, सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडतं. त्या सर्टिफिकेटवर फिटर लिहिलेलं असतं. त्याला कानस धरायला द्या, मग बघा.

स्टायपेंडचं म्हणाल तर त्याच नियमांत शिक्षणाप्रमाणं महिना ५,००० ते ९,००० ठरवले होते, त्यातला चौथा हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, सरकार देणार. जांबोटीकडून, बेळगुंदीकडून एसटीनं येणाऱ्या पोराचा त्यात काय हिशेब बसणार? डिलिव्हरीची बाईक घेतली तर पहिल्या आठवड्यात पैसे. शिरोलीला, चाकणला गेलं तर ओव्हरटाईम. गोव्याला वेर्ण्याला गेलं तर तिथंही काहीतरी. आणि आमच्या पश्चिमेकडच्या गावांत पोरगं अंगानं बरं असलं की पहाटे रस्त्यावर पळायला लागतं. मराठा लाईट इन्फंट्रीचं सेंटर बेळगावात, घराघरांत कुणीतरी फौजेत. २०२२ पासून अग्निवीरची भरती चार वर्षांची, त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढं कायम. तरी पळतात. त्यांना मी दोष देत नाही, मुलीकडचे 'फौजेत आहे' म्हटलं की चहा पुढं करतात आणि 'फौंड्रीत' म्हटलं की विचार करून कळवतो म्हणतात.

भाषेचं मुद्दाम लिहितो, कारण बाहेरचे तेच विचारतात. आयटीआयत शिकवणारा कन्नड, मोल्डिंगला हिंदी, मालक मराठी, ड्रॉइंग इंग्रजी. महिन्याभरात सगळ्यांना सगळं कळायला लागतं. भाषेपायी शॉप सोडलेलं पोर मला माहीत नाही.

माझ्याकडं मधे खानापूर भागातलं एक पोर येत होतं. हात चांगला. गुण्या लावायच्या आधीच काटकोन डोळ्यांनी हेरायचा. एकदा म्हणाला, "मामा, ह्ये पूर्ण यायला किती वर्षं लागतील?" मी म्हटलं, दोन वर्षांत हाताला लागेल, पाच वर्षांत डोक्यात बसेल. "मग पाच वर्षं घरात कोण बघणार सांगा की." सहा महिन्यांत व्हीएमसीवर गेला. आता बरा कमावतो, भेटला की गाडी थांबवून बोलतो.

मालकांचंही ऐकून घ्या. जॉबवर्कचा रेट किलोवर ठरतो आणि त्यात शिकवण्याचा एक पैसा धरलेला नसतो. शिकाऊ पोरानं लाकूड वाया घालवलं, चांगला कारागीर त्याला समजावण्यात अर्धा दिवस घालवू लागला, की तो खर्च सरळ मालकाच्या खिशातून. आणि पोरगं तयार झालं की शेजारचा शेडवाला दोन हजार जास्त देऊन नेणार. म्हणजे ज्यानं शिकवलं तो येडा आणि ज्यानं पळवलं तो धंदेवाईक. असं असेल तर कोण शिकवेल?

म्हणून आमच्या गल्लीत आम्ही तिघं बोलायला लागलोय. मी पॅटर्नचा, एक छोटी फौंड्री, एक मशीन शॉप. एक पोरगं तिघांनी मिळून घ्यायचं. माझ्याकडं काही महिने, मग वाळूत, मग लेथवर. स्टायपेंड तिघांत वाटून, आणि नियमात आहे त्यापेक्षा बरा. १९६१ च्या कायद्यातच तशी सोय आहे, अनेक मालकांनी एकत्र येऊन अॅप्रेंटिसला एकाकडून दुसऱ्याकडं फिरवत शिकवता येतं. आमच्याकडं कुणी ती वापरलेली ऐकली नाही. जे पोरगं पॅटर्न करून तोच पॅटर्न स्वतः वाळूतून उपसेल आणि त्याचंच कास्टिंग लेथवर चढवेल, त्याला पार्टिंग लाईन वेगळी शिकवावी लागणार नाही.

पैशांचं जमलं. विमा कुणाच्या नावावर तेही जमलं. चहाच्या तिसऱ्या फेरीला फौंड्रीवाल्यानं विचारलं, तयार झाल्यावर पोरगं कुणाकडं राहणार? मी म्हटलं, त्याला विचारू. मशीन शॉपवाला म्हणाला, मग मी पैसे कशाला घालू? पुढची बैठक दसऱ्यानंतर ठरली आहे.