कॉफी आणि ओळखपाळख

सांगलीत कॉफीचा विषय निघाला की दोन मिनिटांत तो किमतीवर येतो. "अडीचशे रुपये? तेवढ्यात किलोभर भडंग येईल की," असं कुणीतरी म्हणतंच. बहुतेकदा म्हणणाऱ्याचाच मुलगा त्या वेळी विश्रामबागेत कुठल्याशा काचेच्या दारामागं बसून तीच कॉफी पीत असतो.

मला हिशेबाची खोड आहे, म्हणून एकदा मांडून पाहिला. दुहेरी एस्प्रेसोला साधारण अठरा ग्रॅम पूड लागते. भाजलेल्या चांगल्या कॉफीचा दर किलोला हजार-बाराशे धरला, तरी कपात पडते ती अठरा-बावीस रुपयांची कॉफी. वर दूध, साखर, पाच टक्के जीएसटी. उरलेले पैसे जागेचे, एसीचे, मशीनचे आणि दारावरच्या पाटीचे. सोप्या भाषेत खुर्चीचं भाडं. आता खुर्ची तर स्टँडसमोरच्या चहाच्या टपरीवरही मिळते, तीही फुकट. मग या खुर्चीत असं काय आहे?

माझं उत्तर असं, की या खुर्चीत बसलेल्या माणसाला कुणी ओळखत नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला यात विकत घेण्यासारखं काही दिसणार नाही, त्याला ते जिन्यातच फुकट मिळतं. सांगलीत मात्र हरभट रोडवरून गणपती मंदिरापर्यंत चालत गेलं तर निदान तिघं थांबवतात, त्यांतला एक नवऱ्याचा शाळासोबती असतो आणि एक "पिशवीत काय एवढं?" असं विचारतो. प्रेमानंच विचारतो, पण विचारतो.

जुन्या हॉटेलांतल्या फॅमिली रूम आठवतात? आत डाव्या हाताला लाकडी फळ्यांचे कप्पे, समोर मळकट पडदा, वर रंगवलेली पाटी. कापड पेठेतली खरेदी झाली की आई आम्हाला तिथं डोसा खायला न्यायची. बाहेरच्या टेबलांवर पंख्याखाली पुरुषमंडळी पेपर वाचत, राजकारण करत बसलेली असत. आम्ही मात्र पडद्याआड, पंखा नसलेल्या कप्प्यात. बाई एकटी आली तर वेटर पाण्याचे ग्लास आदळत पहिला प्रश्न विचारायचा, "अजून कोण येणार हाय?" कुणी येणार नाही, मी एकटीच खाणार आहे, हे उत्तर द्यायला तेव्हा धाडस लागत होतं. माझी एक मावशी सरळ "मिस्टर येताहेत" असं ठोकून द्यायची आणि डोसा संपवून, मिस्टरांना उशीर झालेला दिसतोय असं पुटपुटत निघून जायची.

म्हणून गावोगाव दुकानांची साखळी असलेल्या कंपनीची कॉफी पहिल्यांदा इथं मिळायला लागली तेव्हा मी चवीसाठी नव्हे, पण बसण्यासाठी तिची चाहती झाले. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "नाव, मॅम?" मी म्हटलं, "मालती." कुणाची सून, कुणाची बायको, कुठल्या गल्लीत, काही नाही. थोड्या वेळानं त्यानं भर दुकानात "मालती!" अशी खणखणीत हाक मारली. एक मान वळली नाही. सासरी 'वैनी', शेजारी 'काकू', बँकेत 'मॅडम'. माझं नाव असं मोकळ्या हवेत बऱ्याच वर्षांनी ऐकलं. कॉफी कोमट होती आणि फार गोड होती. मी तासभर बसले. अजून कोण येणार आहे हे कुणी विचारलं नाही.

तसं या साखळ्यांचं आपल्याकडचं वय फार नाही. कॅफे कॉफी डेनं पहिलं दुकान १९९६ साली बंगळुरात ब्रिगेड रोडवर काढलं, तेही इंटरनेट कॅफे म्हणून. स्टारबक्स टाटांच्या भागीदारीत २०१२ मध्ये मुंबईत आलं. त्याच्या कितीतरी आधी आपल्या देशात एक साखळी होती, आणि तिची गोष्ट मला या सगळ्यांत जास्त आवडते. सरकारी कॉफी बोर्डाची कॉफी हाउसं होती. पन्नासच्या दशकात बोर्डानं ती बंद करायला घेतली, कामगारांच्या नोकऱ्या जाऊ लागल्या. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं त्या कामगारांनीच १९५७ पासून सहकारी सोसायट्या काढल्या आणि इंडियन कॉफी हाउस चालवायला घेतलं. तुर्‍याचा फेटा बांधून ट्रे आणणारा वेटर हाच तिथला भागीदार. साखळी म्हटलं की परका मालक आणि एकटं दुकान म्हटलं की आपला माणूस, असं मांडणाऱ्यांची इथं पंचाईत होते. आम्ही सांगलीकरांनी साखर सहकारात नेली, दूध नेलं, सूत नेलं, गल्लोगल्ली पतसंस्था काढल्या. कॉफी तेवढी कुणाला सुचली नाही. सुचली असती तर आज चेअरमनपदावरून पॅनेलं पडली असती.

असो. मी आता जाते ते कॅफे एका पोराचं आहे. इथंच वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकला, पुण्यात नोकरी केली, आणि परत येऊन मशीन टाकलं. घरच्यांना सांगताना त्याला जड गेलं ते मशीनचं कर्ज नव्हे, 'कॅफे' हे नाव. मध्यंतरी आपल्याकडे अंधाऱ्या कप्प्यांची, पडदे लावलेली कॅफे निघाली होती. त्यांवर पोलिसांच्या धाडी पडल्याच्या बातम्या पेपरात यायच्या. कॉलेजच्या मुलीनं "कॅफेत चाललेय" म्हटलं की आईच्या कपाळावर आठी. म्हणून या पोरानं पुढची भिंत पाडून पूर्ण काच बसवली, आत भरपूर दिवे लावले आणि दोन टेबलांमध्ये फळीसुद्धा ठेवली नाही. त्यामुळे झालंय असं, की रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला आत कोण बसलंय ते दिसतं. जोडप्यांची मोठी अडचण झाली. ती आता मिरजेला जातात, आणि मिरजेची सांगलीला येतात. आठ-दहा किलोमीटरचा प्रश्न आहे, एसटीचंही चालून जातं.

त्याच्याकडची कॉफी मात्र खरोखर चांगली आहे. दूध भिलवडीचं. चितळ्यांची डेअरी तिथं १९३९ पासून आहे, त्यामुळे दुधाच्या बाबतीत आमची जीभ आधीच लाडावलेली. दुधाला वाफ देताना ते साठ-पासष्ट अंशांवर थांबवायचं, त्यापुढं गेलं की फेस फुटतो आणि गोडवाही जातो, हे त्यानं मला थर्मामीटर दाखवून समजावलं. मी समजून घेतलं. बाकीची सांगली समजून घेत नाही. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध-साखर खळखळून उकळायची, जायफळ उगाळून घालायचं आणि बशीत ओतून फुंकर मारत प्यायची. संकष्टीला, कोजागरीला, परीक्षेच्या जागरणाला, वधूपक्षाच्या पाहुण्यांना. त्या माणसासमोर साठ अंशांचा कप ठेवला की तो म्हणणारच, "जरा गरम करून दे की बाळा." पोरगा पहिले काही महिने वाद घालायचा. आता पंचाहत्तर अंशांवर नेऊन देतो आणि मान फिरवतो. कंपनीच्या दुकानात असा अपमान कुणालाच गिळावा लागत नाही. तिथल्या पोराला वाद घालण्याइतकी ती कॉफी स्वतःची वाटत नाही.

कोजागरीच्या आठवड्यात त्यानं जायफळाची कॅपुचिनो केली होती. कल्पना त्याच्या आजीची. आजी स्वतः येऊन बसली, प्यायली, आणि "साखर कमी आहे" म्हणाली. कंपनीत असा पदार्थ पाटीवर यायचा तर मुख्य कार्यालयातून यावा लागेल, आणि तिथं कुणाची आजी बसत नाही.

पाटीवरून आठवलं. पावसाळ्यात या पोराच्या दारातल्या फळ्यावर आजचा खास पदार्थ नसतो. तिथं खडूनं लिहिलेलं असतं, 'आयर्विन ३१ फूट', खाली 'कोयना विसर्ग सुरू'. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि ज्यांच्या दुकानात तेव्हा पाणी शिरलं त्यांना कॉफी घेताना पहिल्यांदा हाच आकडा हवा असतो. त्या फळ्यासमोर अनोळखी माणसं बोलायला लागतात. तुमच्याकडे कुठवर आलं होतं? माळ्यापर्यंत. आमच्याकडे दोन पायऱ्या. कंपनीच्या पाटीवर त्याच दिवशी आंब्याच्या थंड पेयाचं झगझगीत चित्र असतं, आणि ते उतरवायचा अधिकार तिथल्या पोरांना नसतो.

तरीही त्याच्या कॅफेचा एक ताप आहेच, आणि तो मी त्याच्या तोंडावर सांगितलाय. तो ओळखतो. "काकू, आज उशीर केलात." "काकू, काल काका येऊन गेले, त्यांना म्हटलं काकू आत्ताच गेल्या." आता मी कॉफी प्यायला गेले होते हे काकांना कळायची काय गरज होती? मी घरी भाजी आणायला जाते म्हणून सांगितलं होतं. शिवाय पलीकडच्या टेबलावर माझी जुनी विद्यार्थिनी, खिडकीशी नणंदेचे व्याही. वाचायला नेलेलं पुस्तक दोन पानांपुढं सरकत नाही. अशा दिवशी मला सरळ कंपनीच्या दुकानाची आठवण होते, आणि मी जातेही. कोमट, गोड, महाग कॉफी घेऊन कोपऱ्यात बसते. बाहेर पडताना शेजारच्या औषधाच्या दुकानात डोकावते, म्हणजे कुणी पाहिलंच तर कारण तयार असतं.

आता तो मिरजेत दुसरी शाखा काढतोय. जागा ठरली, एक मुलगा शिकवून तयार केलाय. परवा मी गेले तर वहीत त्या मुलासाठी सगळं लिहीत बसला होता. पूड अठरा ग्रॅम. पंचवीस ते तीस सेकंद. दूध पासष्ट अंश, वयस्कर गिऱ्हाईक असेल तर न विचारता पंचाहत्तर. मी म्हटलं, "अरे, तूही कंपनीच झालास की." तो हसला. म्हणाला, "काकू, हे सगळं लिहिता येतंय. पण माणसांशी कसं वागायचं ते काय लिहू? ओळख दाखवायची का न्हाई दाखवायची?"

मी वही ओढून घेतली आणि म्हटलं, पहिल्यांदा एवढं लिही: बाई एकटी आली तर अजून कोण येणार आहे, हे विचारायचं नाही. त्यानं लिहिलं. मग जरा विचार करून त्याखाली स्वतःच्या मनानं आणखी एक ओळ घातली: 'कुणाचे काका विचारत आले तर माहीत नाही म्हणायचं.'