तुम्ही विचारलंत म्हणून: बायोमार्कर आले, तरी उंदीर का मारता?

"आता लघवीच्या टेस्टवरून किडनीचं सगळं कळतं ना, मग उंदीर मारायचे कशाला?" घरचे विचारतात, जुने मित्र विचारतात, आणि मी दरवेळी काहीतरी बोलून विषय बदलते. आज एकदाच नीट लिहिते.

औषध माणसाला देण्याआधी ज्या प्राण्यांना देतात, त्यांना मारून त्यांच्या अवयवांचे पातळ काप, म्हणजे स्लाइड, मायक्रोस्कोपखाली बघणं हे माझं काम. क्रिएटिनिन आणि बीयूएन (किडनी बिघडली की रक्तात वाढणारे टाकाऊ पदार्थ) उशिरा बोलतात हे मला कुणी सांगायला नको. किडनीकडे राखीव ताकद इतकी असते की बरेचसे नेफ्रॉन, म्हणजे किडनीतल्या बारीक गाळण्या, कामातून गेले तरी रक्तातलं क्रिएटिनिन जागचं हलत नाही, आणि सिमेटिडीनसारखं औषध दिलं की किडनी धडधाकट असूनही तेच क्रिएटिनिन चढतं. म्हणून तर किम-१ हवं. ट्यूब्यूलच्या, म्हणजे किडनीतल्या बारीक नळीच्या, पेशीला इजा झाली की ती हे प्रोटीन भरपूर बनवते आणि त्याचा बाहेरचा तुकडा लघवीत येतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने आणि युरोपच्या ईएमएने (औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्था) किम-१ धरून लघवीतले सात मार्कर, म्हणजे इजेची खूण देणारे पदार्थ, उंदरांवरच्या अभ्यासासाठी मान्य केले. पण ते खरे की खोटे हे ठरवलं कशावरून? स्लाइडवरूनच.

एका अभ्यासाचं सांगते. हाय डोस ग्रुपचं क्रिएटिनिन नॉर्मल, बीयूएन नॉर्मल, वजनं नॉर्मल, आणि किम-१ मात्र काही उंदरांत कंट्रोलच्या (औषध न दिलेल्या गटाच्या) कितीतरी पट. मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला की लघवी नीट गोळा केली होती का, कारण मेटाबॉलिक केजमध्ये (लघवी गोळा करायच्या पिंजऱ्यात) खाण्याचा चुरा पडतो, ट्यूब बर्फात नसली तर प्रोटीन खराब होतं, हे सगळं होतंच. लघवी नीटच गोळा झाली होती. स्लाइड लावल्या तर कॉर्टेक्सच्या, म्हणजे किडनीच्या बाहेरच्या थराच्या, आतल्या कडेला ट्यूब्यूलमध्ये सुटी सुटी मेलेली पेशी, केंद्रक आकसून काळपट झालेलं, आणि शेजारीच निळसर रंगाच्या नव्या पेशी, म्हणजे दुरुस्तीही सुरू झालेली. मला वाटलं विषय संपला. पण दोन उंदीर असे निघाले की किम-१ वर आणि स्लाइड स्वच्छ, आणि मीटिंगने नेमके तेच दोन धरले, म्हणे मार्कर उगाच ओरडतोय. मी आणखी खोल सेक्शन कापून मागितले. एकात दोन-तीन खराब ट्यूब्यूल सापडल्या, दुसऱ्यात काहीच नाही. त्या दिवशी मला जे ऐकवलं गेलं ते अजून टोचतं, जणू मी हट्टानेच इजा शोधत होते. हो, शोधत होते! तेच माझं काम आहे, ते औषध पुढे ज्या माणसाला द्यायचं त्याची किडनी कापून कोणी बघणार नाही, त्याच्याकडून मिळणार ती फक्त लघवी, आणि त्या लघवीतल्या आकड्याचा अर्थ आम्ही आधी इथेच लावलेला असला पाहिजे.

डोस कमी करून, लघवीवर लक्ष ठेवून पुढे जायचं ठरलं. बरोबर ठरलं का? कधी हो वाटतं, कधी नाही.

या कामात नवीन असताना मी सगळ्यांना सांगायचे की मार्कर आले की पिंजरे रिकामे होतील. तेव्हाच्या त्या मुलीशी मी आजही भांडते. एकाच प्राण्याची लघवी पुन्हा पुन्हा तपासता येते, त्यामुळे मधेमधे मारायचे गट कमी करता येतात, हे तिचं खरं ठरलं. पण लिव्हरचं काय? लिव्हरची इजा दाखवणारं एएलटी हे एन्झाइम स्नायूंतूनही येतं, जीएलडीएच या दुसऱ्या एन्झाइमने थोडं सावरतं, आणि १९९३ च्या फियालुरिडीन या हिपॅटायटिस बीवरच्या औषधाच्या ट्रायलमध्ये १५ पैकी ५ पेशंट दगावले, प्राण्यांमध्ये आधी त्याची चाहूलही लागली नव्हती. मग ती विचारते, प्राण्यांतही कळलं नाही तर ते तरी कशाला? यावर मी तिला एवढंच म्हणते की किडनीचं बऱ्याचदा कळतं, आणि ते तिला पुरत नाही, खरं तर मलाही नाही.

त्या दुसऱ्या उंदराची स्लाइड मी अजून अधूनमधून काढून बघते. मार्कर माझ्या आधी पोचला होता की चुकला होता यावर आमचं एकमत झालेलं नाही.