वहिनीचा एबी फॉर्म आणि माझी आठ दिवसांची रजा

आधीच सांगतो, वहिनी कुठल्या पक्षाकडून उभी राहिली ते लिहिणार नाही. राज्यात सत्तेत असलेल्या भाजप आणि शिंदेंची शिवसेना या दोघांपैकी एक, एवढं समजा. राहायला आम्ही नेरुळला, आणि नवी मुंबई पालिकेची निवडणूक 2015 च्या एप्रिलनंतर झालीच नव्हती. मे 2020 पासून पालिकेवर प्रशासकच होता. म्हणजे बचत गट, हळदीकुंकू, गटाराच्या तक्रारी हे सगळं करत वहिनी दहा वर्षं नुसती 'इच्छुक' होती!

15 डिसेंबर 2025 ला तारखा जाहीर झाल्या. अर्ज 23 ते 30, मतदान 15 जानेवारी. दादाला दुकान सोडता येत नाही म्हणून फाइल माझ्या गळ्यात. मला वाटलं एक फॉर्म भरायचा आणि मोकळं व्हायचं, कसलं काय. मालमत्ता कराची थकबाकी नसल्याचा दाखला, त्यासाठी घर बाबांच्या नावावर म्हणून वेगळी धावपळ, मग शपथपत्रात सोनं किती ग्रॅम, गुन्हे आहेत का, बँकेत खर्चासाठी वेगळं खातं, 12 सप्टेंबर 2001 नंतर दोनपेक्षा जास्त मुलं नाहीत, सूचक-अनुमोदक आपल्याच प्रभागातले आणि त्यांचे यादीतले अनुक्रमांक बरोबर. आणि घरात शौचालय आहे आणि ते आम्ही वापरतो असंही लिहून द्यायचं. चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस दुसरं काय करणार, पण द्यायचं. मी प्रत्येक कागदाच्या तीन तीन कोऱ्या प्रती काढून ठेवल्या होत्या, खाडाखोड झाली तर असू दे म्हणून.

कागद 26 ला तयार झाले. खरा घोळ पुढे.

यावेळी पॅनल. आधी 111 वॉर्ड आणि 111 नगरसेवक असं सरळ होतं, आता 28 प्रभाग, एकेका प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा (एकात फक्त तीन). त्यामुळे वाटाघाटी चालल्या की 'ब तुम्हाला, क आम्हाला' अशी भाषा, आणि वहिनीची जागा रोज इकडून तिकडे. राज्यात दोघं एकत्र, पण इकडे भाजपचे वनमंत्री गणेश नाईक आणि शिवसेनेचे उपमुख्यमंत्री शिंदे यांच्यातली खेचाखेची पेपर वाचणाऱ्या कुणाला माहीत नाही? नाईकांनी ठाण्यात जाऊन जनता दरबार घ्यायचा आणि शिंदेंच्या लोकांनी नवी मुंबईत पाय रोवायचे, हे वर्षभर चालू होतं. त्यात 2024 ला आमच्या बेलापूरच्या विधानसभेचा निकाल 377 मतांनी लागला, त्यामुळे इथल्या प्रत्येक गल्लीतल्या माणसाला वाटतं की आपल्यामुळेच निकाल फिरतो. वहिनीलाही वाटतं, खोटं कशाला बोलू.

28 ला रात्री निरोप आला की जागा मित्रपक्षाला सुटली, वहिनी तुम्ही थांबा, पुढे बघू. दादा जेवला नाही. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "भाऊजी, अपक्षाचा पण एक भरून ठेवा." म्हणून दोन अर्ज तयार केले, एक पक्षाच्या नावाने आणि एक अपक्ष. बंडखोरी वगैरे मोठे शब्द पेपरवाल्यांचे, घरात ते असंच होतं, जेवणाच्या ताटावर.

30 ला सकाळी बातमी, नवी मुंबईत युती तुटली, दोघं वेगवेगळे लढणार. आणि पलीकडे ठाण्यात मात्र युती! खाडी ओलांडली की मित्र, अलीकडे शत्रू. पण यात आमचं नशीब उघडलं, कारण आता पक्षाला चारही जागांवर माणसं हवी होती आणि ज्यांना दोन दिवसांपूर्वी थांबवलं त्यांनाच फोन सुरू झाले. "कागद तयार आहेत ना?" एवढंच विचारलं. दहा वर्षांच्या कामाबद्दल एक शब्द नाही.

एबी फॉर्म म्हणजे दोन कागद, ए मध्ये सही करणाऱ्याला पक्षाने दिलेला अधिकार आणि बी मध्ये उमेदवाराचं नाव. शाईची सही लागते, झेरॉक्स किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो चालत नाही. मुदत तीनची. मी आणि वहिनी बाराला रांगेत, फॉर्म घेऊन येणारा मुलगा सायन-पनवेल हायवेवर अडकलेला, मी दर पाच मिनिटांनी फोन करतोय आणि तो दर वेळी "पोचलोच" म्हणतोय. दोन पस्तीसला आला, हेल्मेट न काढताच. पाकीट उघडलं तर बी फॉर्मवर वहिनीचं नाव बरोबर, नवऱ्याच्या नावात वेलांटी चुकलेली. पोटात गोळा आला. आतल्या साहेबांनी दोनदा बघितलं, मतदार यादीशी ताडलं आणि घेतला.

त्याआधी रांगेत एक गंमत झाली. मागे मित्रपक्षाच्या, म्हणजे सकाळपासून माजी मित्रपक्षाच्या, एक बाई उभ्या होत्या, त्यांनाही एबी फॉर्म तासाभरापूर्वीच मिळालेला आणि शौचालयाचं ते पत्र फाइलमध्ये नाही. रडायच्या बेताला आलेल्या. वहिनीने माझ्या हातातली कोरी प्रत काढून दिली, वर पेनही दिलं. पेन परत आलं नाही.

त्या बाई आमच्याच प्रभागात, आमच्याच जागेवर उभ्या आहेत हे दुसऱ्या दिवशी छाननीनंतर यादी लागली तेव्हा कळलं. दादा अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जसं काय पेन माझं होतं.