बाबांच्या आरएक्सचा बोअर

बाबांची १९९४ची यामाहा आरएक्स १०० सहा वर्षं जिन्याखाली उभी होती. किक मारली की पाय नुसता खाली जायचा, कॉम्प्रेशनच नाही, म्हणजे आत दाबच धरत नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत हेड उघडलं, तर सिलिंडरला उभे ओरखडे. कोल्हापूरला उद्यमनगरात बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, पुढच्या मापाला करून आणला, पिस्टन नवा घेतला.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या पिस्टनवर रिंगा बसवताना घाई चालत नाही. रिंगेच्या खाचेत बारीक पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं तिच्यापाशीच यायला हवीत, नाहीतर टोकं पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या झरोक्यात, अडकून रिंग तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे. पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणाऱ्या मोठ्या पिनचं लॉक लावण्याआधी क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पेटीच्या, तोंडात फडकं कोंबलं. लॉक आत पडलं तर सगळं इंजिन खोलावं लागतं.

चौथ्या किकला निळा धूर सोडत ती बोलली. आवाज ऐकून बाबा चष्मा न लावताच बाहेर आले.